पाहुण्याची खातेवही

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या संवादाचा प्रारंभ कोणाच्या घरी होतो, याकडे सामान्य वाचकाचे सहसा लक्ष जात नाही. ते घर अथेन्सच्या नागरिकाचे नाही. पिरेयस बंदरातील ते घर केफालस या वृद्धाच्या कुटुंबाचे आहे. केफालस मूळचा सिराक्यूजचा; पेरिक्लीजच्या आग्रहावरून तो अथेन्सला येऊन राहिला आणि ढाली बनविण्याच्या कारखान्यावर त्याच्या कुटुंबाने मोठी संपत्ती मिळविली. अथेन्सच्या कायद्याप्रमाणे तो ‘मेटिक’ होता, म्हणजे नगरात राहणारा, कर भरणारा, प्रसंगी युद्धातही उतरावे लागणारा, पण मताचा अधिकार नसलेला आणि विशेष अनुज्ञेवाचून जमिनीचा धनी होऊ न शकणारा रहिवासी. न्याय म्हणजे काय, या प्रश्नाचे त्या संवादातील पहिले उत्तर सॉक्रेटिस या व्यापाऱ्याच्या बोलण्यातून निष्पन्न करतो : खरे बोलावे आणि ज्याचे जे देणे असेल ते त्याला द्यावे. सॉक्रेटिस हे उत्तर क्षणार्धात निकालात काढतो, वृद्ध केफालस यज्ञकर्मासाठी उठून जातो आणि तत्त्वज्ञानाचा प्रवाह पुढे वाहू लागतो.

परंतु त्या घराचे पुढे काय झाले, हे केफालसचा दुसरा मुलगा लिसियस याने आपल्या एका भाषणात नोंदवून ठेवले आहे. इ. स. पू. ४०४ मध्ये अथेन्सची सत्ता तीस जणांच्या टोळीच्या हाती गेली. तिजोरी रिकामी होती. धनिक मेटिकांना लुबाडून ती भरावी असे ठरले. हेतू केवळ पैशाचा आहे असे दिसू नये म्हणून निवडलेल्या दहांमध्ये दोन गरीब मेटिकही घालण्यात आले. केफालसच्या थोरल्या मुलाला, पोलेमार्कसला, विष प्यायला लावण्यात आले. त्याच्या पत्नीच्या कानांतील सोन्याची कुंडले ओरबाडून काढण्यात आली. लिसियस कसाबसा निसटला. पुढे लोकशाही परतली, तिच्यासाठी त्याने आपले द्रव्यही वेचले; पण त्याला नागरिकत्व देण्याचा ठराव कायद्याच्या एका बाबीवर रद्द ठरला. ज्याच्या घरी पाश्चात्त्य परंपरेतील न्यायविचाराची सुरुवात झाली असे मानले जाते, त्या घराचा हिशेब अथेन्सने अशा रीतीने चुकता केला.

परदेशी जाऊन दुकान मांडणाऱ्या माणसाचा प्रश्न हा मुळात न्यायाचा प्रश्न आहे, अर्थशास्त्राचा नंतर. तो ज्या भूमीवर व्यापार करतो, तिचे त्याच्यावर काय ऋण असते? आणि त्या भूमीवर त्याचे काय ऋण साठत जाते? भारतीयांच्या बाबतीत या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण पूर्व आफ्रिकेतील आहे.

मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला. त्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२,००० मजूर कराराने नेण्यात आले. त्यांतील सुमारे २,५०० तेथेच मेले आणि बहुतेक हयात मजूर करार संपताच परतले. पूर्व आफ्रिकेतील भारतीय दुकानदार हे या मजुरांचे वंशज, हा समज जितका रूढ तितकाच अपुरा आहे. दुकानदारांची परंपरा निराळी आणि अधिक जुनी. कच्छ, काठेवाड आणि गुजरात येथील भाटिया, लोहाणा, खोजा, बोहरा, पुढे पाटीदार ही मंडळी झांझिबारच्या वाटेने आत शिरली. कच्छमधून कोवळ्या वयात आलेल्या अल्लीदिना विश्राम यांनी तांड्यांच्या मार्गावर आणि पुढे लोहमार्गाच्या कडेने दुकानांची एक साखळीच उभी केली. १९१६ मध्ये ते वारले तेव्हा किनाऱ्यापासून युगांडाच्या अंतर्भागापर्यंत त्यांच्या शाखा पसरल्या होत्या. रुपया हे तेथील अधिकृत चलन होते आणि १९२० पर्यंत ते तसेच राहिले.

भाषेने या संबंधाची नोंद इतिहासकारांपेक्षाही चोख ठेवली आहे. स्वाहिलीतील ‘दुका’ आणि मराठीतील ‘दुकान’ हे शब्द एकाच कुळातले. त्याला ‘वाला’ जोडून झालेला ‘दुकावाला’ हा शब्द अर्धा तिकडचा आणि अर्धा इकडचा. ‘पेसा’ म्हणजे पैसा, ‘लाकी’ म्हणजे लाख, ‘बिमा’ म्हणजे विमा, ‘हुंडी’ म्हणजे हुंडीच. या शब्दांकडे पाहिले तर व्यवहार किती खोलवर गेला होता ते कळते. मात्र ही यादी बाजाराची आहे. चपातीसारखा एखादा अपवाद वगळला तर नात्यागोत्याचे आणि सुखदुःखाचे शब्द या देवघेवीत फारसे दिसत नाहीत. माणसे दुकानाच्या फळीपाशी रोज भेटत होती. फळीच्या पलीकडे कोणी कोणाकडे गेले नाही, असा या शब्दसंग्रहाचा अर्थ लावला तर तो फारसा चुकीचा ठरणार नाही.

४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडाचे लष्करशहा इदी अमीन यांनी आशियाई लोकांना देश सोडण्याचा आदेश दिला. मुदत ९० दिवसांची होती. त्या वेळी युगांडात आशियाईंची संख्या ढोबळमानाने ८०,००० सांगितली जात असे. त्यांतील काही हजार आधीच निघून गेले होते. आदेश आरंभी परकीय पारपत्रधारकांपुरता होता. पण कागदपत्रांच्या पडताळणीत तांत्रिक उणिवा काढून अनेक नागरिकांचेही नागरिकत्व काढून घेण्यात आले. सुमारे २८,००० लोक ब्रिटनमध्ये गेले. बाकीचे कॅनडा, भारत आणि इतर देशांत विखुरले. बरोबर नेता आली ती दर कुटुंबामागे सुमारे ५० पौंडांची रक्कम आणि थोडे सामान. आशियाईंनी गाय दोहली पण तिला चारा घातला नाही, हा अमीन यांचा आरोप होता.

या घटनेविषयी जे लिहिले गेले त्यातील बहुतेक युक्तिवाद एकाच वळणाचा आहे. भारतीय गेले आणि दुकाने ओस पडली. सैनिकांना व हुजऱ्यांना वाटलेले कारखाने बंद पडले. साखर, मीठ, साबण दुर्मिळ झाले. म्हणजे भारतीयांना घालविणे ही चूक होती. नव्या मालकाने सदऱ्याच्या गळपट्टीवरील मापाचा आकडा हीच किंमत समजून सदरे विकून टाकले, अशी एक गोष्ट निर्वासितांच्या घरोघरी सांगितली जाते. ती खरी असेल वा नसेल. ती कोण सांगतो आणि कोणाला सांगतो, हे अधिक अर्थपूर्ण आहे. घालविलेल्या माणसाच्या दुखावलेल्या मनाला तिने दिलासा मिळतो आणि जो मागे राहिला तो या धंद्याला जन्मतःच नालायक होता, हेही ती हळूच सुचवून जाते.

या युक्तिवादाचे मूळच सदोष आहे. समजा, भारतीय गेल्यानंतर युगांडाची भरभराट झाली असती, नव्या दुकानदारांनी अधिक सचोटीने आणि स्वस्तात माल विकला असता. तर ती हकालपट्टी न्याय्य ठरली असती काय? ज्या घरात माणूस जन्मला, ज्या गावाच्या स्मशानात त्याचे वडील जळले किंवा कबरस्तानात पुरले गेले, तेथून त्याला ९० दिवसांत हुसकावणे हे त्याच्या उपयुक्ततेमुळे अन्याय्य ठरत नाही. ते स्वतःच अन्याय्य आहे. उपयुक्ततेचा आधार घेणारा बचाव आणि अमीन यांचा आरोप यांत वाटते तेवढे अंतर नाही. एक म्हणतो, गायीला चारा घातला. दुसरा म्हणतो, घातला नाही. रहिवासाचा हक्क हिशेबावर अवलंबून असतो, हे गृहीतक दोघांनाही मान्य आहे. एकदा ते मान्य केले की स्थलांतरित माणसाला दरवर्षी आपला ताळेबंद यजमानापुढे ठेवून राहण्याची मुदत वाढवून घ्यावी लागेल. दुबळा, आजारी, धंद्यात बुडालेला, किंवा केवळ पोटापुरते मिळविणारा स्थलांतरित या कसोटीवर कधीच उतरणार नाही. आणि उतरलेलाही सुरक्षित राहत नाही. लिसियसच्या घराण्याने कर भरला होता, नगराचे उत्सव आपल्या खर्चाने साजरे केले होते. त्याच संपत्तीने टोळीचे लक्ष त्यांच्याकडे वेधले.

मात्र इतके म्हणून थांबणे सोयीचे असले तरी प्रामाणिक नव्हे. यजमानाच्या तक्रारीला स्वतःचे वजन आहे.

पाहुणचाराचा हक्क हा भेटीचा हक्क आहे, वस्तीचा नव्हे, असे कान्टने १७९५ मध्ये ‘शाश्वत शांती’वरील आपल्या निबंधात मांडले. परक्या भूमीवर पाय ठेवणाऱ्याला शत्रू समजू नये, एवढेच त्याला अभिप्रेत होते. ही मर्यादा कृपण वाटते. पण त्यामागचे कारण कृपण नव्हते. व्यापारासाठी भेटीला जाणे आणि तो देश जिंकणे यांत युरोपीय राष्ट्रांना काही भेदच वाटत नाही, हे तो पाहत होता. या कसोटीवर पूर्व आफ्रिकेतील भारतीय दुकानदार विलक्षण अडचणीत सापडतो. तो जिंकायला गेला नव्हता. पण लोहमार्गाच्या काळात तो अंतर्भागात पसरला तेव्हा त्याला दार उघडून देणारा घरधनी नव्हता. घरात घुसून बसलेला दुसराच कोणी होता. साम्राज्याच्या परवान्यावर त्याने दुकान थाटले. साम्राज्याने त्यालाही मोकळे सोडले नाही : केनियात डोंगराळ प्रदेशातील उत्तम जमीन गोऱ्यांसाठी राखून ठेवली गेली, आणि व्यापाराखेरीजच्या वाटा त्याच्यासाठी अरुंद होत गेल्या. दुसऱ्या बाजूने, आफ्रिकी माणसाला ठराविक रकमेपलीकडे दिलेली उधारी वसूल करण्यास कायद्याचे पाठबळ मिळू नये, अशीही तजवीज होती. तिला संरक्षणाचे नाव असले तरी परिणाम असा की आफ्रिकी दुकानदाराला घाऊक माल उधारीवर मिळेना. उधारीवाचून किराणा दुकान चालत नाही, हे ज्याने दुकान पाहिले आहे त्याला सांगायला नको. कापूस पिकवायचा आफ्रिकी शेतकऱ्याने, सरकी काढायची आशियाई मालकाच्या कारखान्यात आणि भाव ठरायचा त्या दोघांच्याही आवाक्याबाहेर. या रचनेत शेतकऱ्याला समोर दिसत होता तो तराजू धरणारा हात. १९५९ मध्ये बुगांडात आशियाई दुकानांवर बहिष्कार पडला, त्याची मुळे येथे आहेत.

मराठी वाचकाला हे चित्र अगदीच अनोळखी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी मारवाडी व गुजराती सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, आणि तो वणवा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरला. दंगेखोरांनी जीव फारसे घेतले नाहीत; त्यांना हवी होती ती कर्जखते आणि हुकूमनामे, आणि ती त्यांनी जाळली. त्या आगीत एक विचार होता. सावकार परप्रांतीय आहे, यापेक्षा त्याच्या वहीत काय लिहिले आहे ते आपल्याला वाचता येत नाही आणि न्यायालयात मात्र तेच प्रमाण मानले जाते, हा खरा सल होता. मराठी कथावाङ्मयात व्यापारी बहुधा सावकाराच्याच रूपाने, शेतकऱ्याच्या नजरेतून येतो; वहीमागे बसलेल्या माणसाच्या मनात आपले साहित्य क्वचितच शिरले. पूर्व आफ्रिकेच्या संदर्भात नेमके उलट घडले. वासनजींची ‘द गनी सॅक’ (१९८९) ही कादंबरी दुकानामागील घरातून बोलते. नायपॉल यांच्या ‘अ बेंड इन द रिव्हर’मधील (१९७९) सलीम दुकानाच्या पायरीवरून नदीकाठचे शहर पाहतो. सलीमचे दुकान सरकारजमा होते आणि तोच त्या दुकानाचा पगारी व्यवस्थापक म्हणून उरतो, हा प्रसंग नायपॉल विलक्षण ताकदीने उभा करतात. परंतु ज्याला ते दुकान मिळाले त्या तेओतीमच्या मनात काय चालले होते, याचे कुतूहल त्यांना तितकेसे नाही. दोन साहित्यांतील ही दोन मौने शेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

यजमानाच्या तक्रारीचा दुसरा भाग अधिक नाजूक आहे : हे लोक आमच्यात मिसळले नाहीत. भारतीय दुकानदाराने गुमास्ता गावाकडून आणला, भागीदार जातीतला निवडला, सोयरीक समुद्रापलीकडे केली. आफ्रिकी माणूस त्याच्या घरात नोकर म्हणून आला; पंगतीला बसला नाही. यात भीती किती आणि तुच्छता किती, याचे प्रमाण घरागणिक वेगळे असेल. पण तुच्छता नव्हती असे म्हणणे हे असत्य होईल. जी जातिव्यवस्था हिंदुस्थानात राहूनही मोडता आली नाही, ती बोटीतून उतरताना मागे सोडली जाईल ही अपेक्षाच भाबडी होती. हा दोष आहे आणि तो दोष म्हणूनच नोंदवला पाहिजे. तथापि सामाजिक दोष आणि दंडनीय अपराध यांत अंतर असते. शेजाऱ्याला घरी जेवायला न बोलाविणारा माणूस निंद्य ठरू शकेल. त्याला देशाबाहेर हाकलण्याचा अधिकार त्यातून कोणालाही मिळत नाही. अपवादही विसरता कामा नयेत. गोव्याच्या कुटुंबातील पियो गामा पिंटो केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात पडले, वसाहतीच्या सरकारने त्यांना वर्षानुवर्षे स्थानबद्ध केले आणि स्वतंत्र केनियात १९६५ च्या फेब्रुवारीत नैरोबीत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ते व्यापारी नव्हते, ही गोष्ट मात्र लक्षणीय आहे.

व्यापाऱ्याचा सर्वांत मोठा गुण सावधपणा. नागरिकत्वाच्या प्रश्नात तोच त्याच्या अंगावर उलटला. १९६२ मध्ये युगांडा स्वतंत्र झाला तेव्हा ब्रिटिश नागरिकत्व सोडून युगांडाचे नागरिकत्व घेण्यासाठी दोन वर्षांची मुदत होती. अनेकांनी अर्जच केले नाहीत. काही कुटुंबांनी, सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत या व्यापारी शहाणपणाने, एका भावाला युगांडाचा, दुसऱ्याला ब्रिटनचा नागरिक होऊ दिले. भांडवल विभागून ठेवणे हे पेढीवर शहाणपण असते. निष्ठा विभागून ठेवणे हे राष्ट्राच्या दृष्टीने संशयास्पद ठरते. ज्याने आपल्या देशावर पैज लावली नाही, त्याने देश आपला मानला नाही, असे आफ्रिकी माणसाला वाटले तर त्याला दोष देता येत नाही. पण नागरिकत्व मागणाऱ्यांचेही हजारो अर्ज १९७२ पर्यंत निर्णयावाचून पडून होते. आणि ज्या ब्रिटनच्या पारपत्रावर उरलेल्यांनी विसंबून राहायचे, त्याने १९६८ मध्ये केनियातील आशियाई येऊ लागताच अवघ्या काही दिवसांत कायदा करून स्वतःच्याच पारपत्रधारकांना प्रवेशाचा हक्क नाकारला. दोन्ही दारे अशी अर्धवट लोटलेली असताना जो कोणत्याही एका दाराशी उभा राहिला नाही, त्याचा सावधपणा भ्याडपणापेक्षा अनुभवातून आलेला म्हणणे अधिक न्याय्य होईल. तो अनुभव एका पिढीचाही नव्हता. नाताळमध्ये १८९७ च्या कायद्याने व्यापाराचा परवाना देणे वा नाकारणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडले, त्यावर न्यायालयात दाद मागण्याची सोय ठेवली नाही आणि वह्या इंग्रजीत ठेवण्याची अट घातली. दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या दाव्यासाठी १८९३ मध्ये तेथे गेलेल्या तरुण बॅरिस्टर गांधींना अशा कायद्यांशी झुंजत राहावे लागले. कायद्याच्या मजकुरात भारतीयांचे नावही नव्हते. वहीची भाषा पुरेशी होती.

सप्टेंबर १९७२ मध्ये लेस्टर शहराच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात दिली : स्वतःच्या आणि कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. लोक तरीही आले, काही जण त्या जाहिरातीमुळेच या शहराचे नाव प्रथम ऐकून आले असे सांगितले जाते. पुढे बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची, दागिन्यांची, मिठाईची दुकाने उभी राहिली आणि तेच शहर त्या रस्त्याची दिवाळी अभिमानाने मिरवू लागले. ही कथा आता यशोगाथा म्हणून सांगितली जाते. तिच्यात उपयुक्ततेचाच जुना निकष नव्या कपड्यांत वावरतो, एवढे ध्यानात ठेवावे. शिवाय दुकानाची यशोगाथा सांगताना फळीमागे कोण उभे होते ते सांगायचे राहून जाते. पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडे राहणारे कोपऱ्यावरचे दुकान पत्नीच्या बिनपगारी श्रमावर आणि शाळेतून आल्यावर खोकी फोडणाऱ्या मुलांवर चालत असे. ज्यांना दुकान घेता आले नाही ते कारखान्यांत गेले. १९७६ च्या ऑगस्टमध्ये उत्तर लंडनमधील ग्रनविक या छायाचित्रे धुण्याच्या कारखान्यात जयाबेन देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संप पुकारला; संपातील बहुसंख्य स्त्रिया पूर्व आफ्रिकेतून आलेल्या होत्या, त्यांतील काही एके काळी स्वतःच्या घरी नोकर बाळगणाऱ्या. कारखान्याचे प्रमुख जॉर्ज वॉर्ड हे स्वतः दिल्लीत जन्मलेले अँग्लो-इंडियन होते. दोन वर्षे लढून संप हरला. ‘स्थलांतरितांचे उद्योग’ असे एकगठ्ठा नाव दिले की त्याच्या आत मालक आणि मजूर अशी दोन माणसे असतात, आणि दोघेही स्थलांतरित असू शकतात, याचा विसर पडतो.

१९८६ मध्ये सत्तेवर आलेल्या मुसेवेनी यांनी गेलेल्या आशियाईंना परत बोलाविले आणि नव्वदच्या दशकात जप्त मालमत्ता परत देण्यास वेग आला. न्याय हे त्याचे एक कारण होते. भांडवलाची गरज आणि कर्ज देणाऱ्या संस्थांचा आग्रह ही दुसरी. अमीनच्या काळात तुरुंगवास भोगलेल्या मनुभाई माधवानी यांच्या घराण्याचा काकिरा येथील साखर कारखाना पुन्हा उभा राहिला. काहींनी परत मिळालेली इमारत विकली आणि पुढच्या विमानाने ते निघून गेले. २००७ च्या एप्रिलमध्ये माबिरा अरण्याचा सुमारे ७,००० हेक्टरांचा भाग मेहता समूहाच्या साखर कारखान्याला उसासाठी देण्याच्या प्रस्तावाविरुद्ध कंपालात मोर्चा निघाला. अरण्याविषयीचा आक्षेप सर्वस्वी रास्त होता. त्या मोर्चातील जमावाने रस्त्यावरच्या एका भारतीय माणसाला ठार केले.

आणि परत मिळालेल्या त्या इमारतींत या काळात कोणी तरी राहत होते. सगळेच अमीनचे सैनिक नव्हते. जप्त मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या सरकारी मंडळाला भाडे भरून कोणी खाली शिलाईचे दुकान चालविले, कोणी मागच्या खोलीत संसार मांडला, मुले तेथेच जन्मली आणि शाळेत गेली. वीस वर्षांनी दारात उभा राहिलेला माणूस मालकीचा कागद दाखवितो. तो कागद खरा आहे, त्याच्यावर अन्याय झाला हेही खरे आहे. आतला माणूस भाड्याच्या पावत्या काढतो. जन्म, वास्तव्य, श्रम आणि मृतांच्या आठवणी यांच्या आधारावर हकालपट्टीचा निषेध ज्याने केला, त्याला आता हीच कारणे आतल्या माणसाच्या तोंडून ऐकावी लागतात, आणि मंडळापुढील अर्जाच्या नमुन्यात त्यांच्यासाठी रकाना नसतो.